निसर्गाची ओळख, पर्यावरण शिक्षण आणि हरित रोजगार: पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

हे पान पालक, शिक्षक, दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि नोकरी बदलण्याच्या विचारात असलेल्यांसाठी आहे. प्रश्न कोणत्याही क्रमाने वाचा. वही-पेन्सिल मात्र जवळ ठेवा, कारण बहुतेक उत्तरं शेवटी नोंद ठेवण्यापाशीच येतात.

मुलांना निसर्गाची गोडी लावायची आहे. सुरुवात भीमाशंकरपासून करावी की ताम्हिणीपासून?

घरापासून पाच मिनिटांवर असलेल्या एका झाडापासून करा. वर्षातून एकदा जंगल पाहिलं की ते सुंदर दिसतं, पण त्यात काय बदललं हे कळत नाही. ओळख होते ती पुन्हा पुन्हा भेटण्यातून.

पानगळ होणारं आणि ठळक फुलणारं झाड निवडा. पांगारा, काटेसावर, बहावा, ताम्हण, कडुनिंब यांतलं एखादं पुण्यातल्या बहुतेक पेठांत आणि उपनगरांत सापडतं. साध्या वहीत सहा रकाने आखा: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं आणि 'पाहुणे'. पहिल्या पाचांत ०, १ किंवा २ लिहायचं, म्हणजे नाही, थोडं, खूप. पाहुण्यांच्या रकान्यात झाडावर दिसलेला पक्षी, किडा, खार, काहीही लिहा. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा: 'चिमणीपेक्षा लहान, चोच वाकडी, सतत हलतो.' पुढे कधीतरी तो शिंजीर होता हे कळेल, आणि तो दिवस मूल विसरणार नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दहा मिनिटं पुरतात. दर महिन्याला एकाच जागेवरून एक फोटो काढा.

हा उपक्रम बहुतेकदा तीन कारणांनी बारगळतो. पहिलं कारण म्हणजे जुलैत सुरुवात करणं. पावसाळ्यात झाड हिरवंगार असतं आणि आठवड्यागणिक फारसं काही बदलत नाही, त्यामुळे मूल कंटाळतं. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करा. काटेसावर आणि पांगारा तेव्हा पानं टाकून फुलतात, एप्रिल-मेमध्ये ताम्हण आणि बहावा येतात. दुसरं, मुलाच्या वतीने पालकच नोंद लिहितात. तिसरं, दोन महिन्यांत झाड बदललं जातं. एकच झाड पूर्ण वर्ष पाहिलं तरच पुढच्या वर्षी 'यंदा कळ्या लवकर आल्या का?' हा प्रश्न विचारता येतो. हीच नोंद 'सीझनवॉच' या देशभरातल्या नागरिक-विज्ञान प्रकल्पातही भरता येते. संशोधक ती वापरतात, आणि हे कळलं की मुलं नोंदी अधिक जपून करतात.

आम्हाला स्वतःलाच झाडं ओळखता येत नाहीत. मग मुलांना काय सांगणार?

'माहीत नाही, शोधू या' असं सांगा. ओळखताना फुलावर अवलंबून राहू नका, ते वर्षातून काही आठवडेच असतं. आधी पानांची मांडणी पाहा: समोरासमोर आहेत की एकाआड एक? पान साधं आहे की संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोटी पानं असलेलं? पान तोडल्यावर चीक येतो का, चुरगळल्यावर वास कसा येतो? मग खोडाची साल पाहा. 'आयनॅचरलिस्ट' हे ॲप फोटोवरून नाव सुचवतं, पण एकाच फोटोवर विसंबलात तर ते हमखास चुकतं. पूर्ण झाड, पानांची फांदी, पानाची मागची बाजू आणि फूल किंवा फळ असे चार फोटो टाका. बागेत लावलेल्या झाडाला 'लागवड केलेलं' अशी खूण जरूर करा, नाहीतर ते झाड तिथे आपोआप उगवतं अशी चुकीची नोंद होते.

पक्षीनिरीक्षण कुठे, केव्हा आणि कोणत्या दुर्बिणीने करावं?

आधी दुर्बिणीचं पाहू. ८×४२ घ्या. म्हणजे प्रतिमा आठपट मोठी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. जास्त मोठं म्हणून २०×५० घेतली जाते आणि कपाटात पडते, कारण एवढ्या वर्धनात हाताची थरथरही वीसपट दिसते आणि फांदीवर उडी मारणारा पक्षी सापडतच नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडा दुमडून किंवा आत फिरवून घ्या.

ठिकाणांबाबत: वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडीवर सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. मोर, सातभाई, वेडा राघू, कोतवाल, दयाळ, टकाचोर, नशीब असेल तर पावसाच्या तोंडावर नवरंग. पाषाण तलाव आणि सोलापूर रस्त्यावरचं कवडी हिवाळ्यात पाहावं. कवडीला मुळा-मुठेच्या पाण्यावर चक्रवाक, थापट्या, धोबी येतात. नदी तिथे स्वच्छ आहे असा याचा अर्थ नाही. काही पक्षी सांडपाण्यातल्या भरपूर खाद्यावर जगतात, आणि हे मुलांना तिथेच सांगावं. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) पाहायला हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात हा काळ धरा. सुपे गावाजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे, पण तिथले माळरानाचे पक्षीही तितकेच पाहण्यासारखे.

नोंद 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या ॲपवर करा: सुरू केल्याची वेळ, चाललेलं अंतर, आणि ओळखता आलेले सगळे पक्षी, कावळा-पारव्यांसकट. फक्त दुर्मीळ पक्षी नोंदवणाऱ्या यादीचा उपयोग फार कमी होतो, कारण नेहमीचे पक्षी कमी होत आहेत का हे तिच्यातून कळत नाही. सुरुवातीला मुहूर्त हवा असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आहे. ५ ला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, १२ ला सलीम अलींचा.

फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नका, आणि पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात पक्षी आपली हद्द राखण्यासाठी त्या आवाजाकडे धावतो आणि पिल्लांना भरवण्याचा वेळ वाया जातो.

टेकडीवर झाडं लावायची आहेत. कोणती लावू?

बहुतेक वेळा उत्तर असं: टेकडीवर लावू नका.

पुण्याच्या टेकड्या उजाड जंगलं नाहीत. बेसाल्टवरची पातळ माती, आठ महिने कोरडे आणि चार महिने पाऊस, यांतून इथे गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली पानझडी झाडं असा निवास तयार झाला आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं. सालई, मोई, धावडा, मेडशिंग, सोनसावर, पळस, कांडोळ ही झाडं. तित्तर, चंडोल, माळटिटवी ही जमिनीवर घरटं करणारी मंडळी याच गवताच्या भरवशावर आहेत. पावसाळ्याच्या शेवटी उमलणारी खरचुडी ही नाजूक वनस्पती गवताच्या आधारानेच उभी राहते. गेल्या काही दशकांत या माळावर मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. ते झपाट्याने वाढतं, दाट सावली करतं आणि खालचं गवत संपतं. हिरवळ वाढली असं लांबून वाटतं, पण चंडोलाची जागा गेलेली असते. खड्डे खणतानाही अनेकदा कंद आणि गवताची मुळं उखडली जातात.

टेकडीसाठी खरंच काही करायचं असेल तर तीन कामं आहेत. गाजरगवत आणि घाणेरी उपटणं, उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा (गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायला वनविभागाला मदत करणं, आणि असलेल्या पायवाटेव्यतिरिक्त नव्या वाटा न पाडणं. मोटारसायकलने पडलेली एक वाट पावसाळ्यात ओहोळ होते आणि माती घेऊन जाते. टेकडीवरची बरीच जमीन वनविभागाची आहे, त्यामुळे कोणत्याही कामाआधी परवानगी घ्यावी लागते.

बियांचे गोळे फेकण्याबद्दलही विचारणा होते. बेसाल्टच्या उतारावर पडलेला गोळा पहिल्या सरीत फुटतो, रोप उगवलं तरी पहिल्याच उन्हाळ्यात मरतं. शाळेची तीच सकाळ गाजरगवत उपटण्यात घालवली तर टेकडीला जास्त फायदा होतो.

मग झाडं लावायची तरी कुठे?

रस्त्याकडेला, सोसायटीत, शाळेच्या आवारात. सावलीची गरज तिथेच आहे. २ फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, खणलेल्या मातीत साधारण एक तृतीयांश कुजलेलं खत. रोप ४ ते ६ फूट उंच, करंगळीपेक्षा जाड खोडाचं. पिशवीतल्या मातीची वरची पातळी आणि जमिनीची पातळी एकच हवी. खोड मातीत गाडलं तर साल कुजते. करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण, बकुळ, पुत्रंजीव चांगली येतात. वर विजेच्या तारा असतील तर ठेंगणीच निवडा.

रोप मरतं ते लावल्यानंतरच्या पहिल्या एप्रिल-मेमध्ये. पावसाळा संपल्यावर आठवड्याला १० ते १५ लिटर आणि भर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तेवढंच पाणी, किमान तीन उन्हाळे. कोण घालणार त्याचं नाव लिहून ठेवल्याशिवाय खड्डा खणू नका. बुंध्याभोवती निदान १ मीटर जागा उघडी ठेवा. फुटपाथच्या कामात तिथे काँक्रीट ओतलं गेलं तर लगेच तक्रार करा, वर्षभराने उशीर झालेला असतो. शहरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, खासगी आवारातल्या झाडालासुद्धा.

गाजरगवत कसं काढायचं? अंगाला खाज सुटते.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकावर रुमाल. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्यांनी या कामात उतरू नये. पहिल्या-दुसऱ्या चांगल्या पावसानंतर, माती मऊ असताना आणि पांढरी फुलं येण्याआधी मुळासकट उपटायचं. फुलं आल्यावर उपटून तिथेच टाकलं तर त्यातही बी तयार होतं. एका रोपातून हजारो बिया पडतात, म्हणून एकाच जागी सलग तीन पावसाळे जावं लागतं. भारतातली या तणाची सुरुवातीची ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्याचीच आहे, तेव्हा ते आवरण्याची पहिली जबाबदारीही आपली म्हणायला हरकत नाही.

शाळेत इको क्लब आहे, पण चित्रकला आणि घोषवाक्य स्पर्धांपलीकडे काही होत नाही. काय करता येईल?

मोजता येईल असं एक काम निवडा. पाण्याचा ताळेबंद सर्वांत सोपा. सहावी-सातवीची मुलं चार तासिकांत करतात.

पहिल्या तासिकेत शाळेतल्या सगळ्या नळांची यादी आणि नकाशा. दुसरीत १ लिटरची बाटली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक नळाचा वेग मोजणं: बाटली १० सेकंदांत भरली तर मिनिटाला ६ लिटर. तिसरीत गळके नळ. ठिबकणारे थेंब एक मिनिट मोजायचे. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, जवळजवळ सव्वाचार लिटर. २० थेंबांचा हिशेब मुलांना औषधाच्या सिरिंजने स्वतः पडताळू द्या, त्यात गणिताचा तास आपोआप होतो. चौथ्या तासिकेत मुख्याध्यापकांना आकड्यांसह पत्र: कोणते नळ, किती पाणी, वायसर बदलायला अंदाजे किती खर्च. महिन्याने पुन्हा मोजा. ही पुन्हा मोजणीच बहुतेक शाळा विसरतात आणि मग पहिल्या मोजणीचा उपयोग राहत नाही.

पुढची पायरी छपराची. पुण्याचा वार्षिक पाऊस ढोबळ ७०० मिलिमीटर. १०० चौरस मीटर छपरावर ७०,००० लिटर पडतं, त्यातलं ८० टक्के हाती लागलं तर ५६,००० लिटर. हा आकडा शाळेच्या वर्षभराच्या वापराशेजारी लिहिला की मुलांना खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणांची नावं केवळ पाठांतराची राहत नाहीत.

आणखी एक, जवळजवळ फुकट: मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. शाळेला सुट्टी असते, पण सोसायटीच्या गच्चीवर सरळ उभी बाटली ठेवून पाहता येतं. सौर पॅनेलचा उतार का ठरवावा लागतो हे त्याहून सोप्या रीतीने समजावता येत नाही.

घरी खत करायला घेतलं, पण बादलीला वास येतो. बंद करावं का?

वास म्हणजे आत हवा नाही, किंवा पाणी जास्त. दुरुस्त होतं.

२० लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंना ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी तीन इंच सुका पालापाचोळा. मग दर वेळी एक वाटी ओला कचरा, त्यावर दोन वाट्या चुरलेली सुकी पानं किंवा कोकोपीट. सुकं कमी पडतं हीच नव्वद टक्के घरांतली चूक म्हणा ना. सुरुवातीला विरजण म्हणून वाटीभर आंबट ताकात थोडा गूळ मिसळून शिंपडा, किंवा जुन्या खताची ओंजळ टाका. तीन-चार दिवसांनी खालीवर करा. मूठ दाबून पाहा: हाताला ओल लागावी, पण थेंब पडू नये. थेंब पडला तर सुकं घाला, भुगा झाला तर पाणी शिंपडा.

मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं झालंय. जाड करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा फार वेगाने खातात आणि रोग पसरवत नाहीत. चिलटं झाली तर वर सुक्याचा इंचभर थर द्या. मटण-मासळी, तेलकट उरलेलं आणि डेअरीचे पदार्थ सुरुवातीला टाळा. दोन बादल्या ठेवा: एक भरली की ती ४० ते ६० दिवस मुरू द्या, तोवर दुसरी वापरा. पाचोळा नोव्हेंबर ते मार्चमध्येच पोत्यात भरून ठेवा, पावसाळ्यात सुकं पान मिळत नाही आणि बादल्या तेव्हाच बिघडतात.

सुका कचरा वेगळा देताना लक्षात ठेवा की तो कचरा माणसं हाताने निवडतात. फुटकी काच जाड कागदात गुंडाळा, सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात बांधून त्यावर खूण करा. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. शहरातला सर्वांत जुना हरित रोजगार त्यांचाच आहे.

'हरित रोजगार' म्हणजे नेमकं कोणतं काम?

पाणी, वीज, कचरा, माती, जंगल किंवा हवा यांचं नुकसान कमी करणारं किंवा ते भरून काढणारं कोणतंही काम. वायरमन सौर पॅनेल बसवतो तेव्हा, रसायनशास्त्राची पदवीधर सांडपाण्याचे नमुने तपासते तेव्हा, वास्तुविशारद खिडकीची दिशा नीट ठरवतो तेव्हा. त्यामुळे पदवीच्या नावात 'पर्यावरण' असण्याची गरज नाही. एखादं कौशल्य पक्कं हवं.

दहावी झाली आहे, पुढे पदवी करणं शक्य नाही. या क्षेत्रात जागा आहे का?

आहे, आणि आमच्या मते सर्वांत जास्त कमतरता इथेच आहे. पुण्यात दोन कामं डोळ्यांसमोर ठेवा.

पहिलं, छतावरची सौर यंत्रणा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा किंवा सोलर टेक्निशियन हा एक वर्षाचा ट्रेड करता येतो. 'सूर्यमित्र' हे ६०० तासांचं प्रशिक्षणही याच कामासाठी आखलेलं आहे. शक्य असेल तर इलेक्ट्रिशियनच करा, कारण सौर काम मंदावलं तरी हात रिकामे राहत नाहीत. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून घरगुती मागणी वाढली आहे. ३ किलोवॅटच्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान, साधारण ३०० चौरस फूट जागा आणि दिवसाला सरासरी १२ युनिट, असा हिशेब ग्राहकाला तोंडपाठ सांगता यायला हवा. पावसाळ्यात उत्पादन बरंच घटतं हेही आधीच सांगावं.

चुका कुठे होतात ते शिकणं हेच खरं शिक्षण. पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार १५ ते २० अंश. जागेची पाहणी मेमध्ये करून फसगत होते: तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि पाण्याच्या टाकीची सावली दिसतच नाही. २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य ४८ अंशांवरच असतो, म्हणजे दीड मीटर उंच टाकीची सावली १.३५ मीटर पडते, आणि सकाळी नऊला त्याहून बरीच लांब. पॅनेल एका माळेत जोडलेले असल्याने एकावरची सावली साऱ्या माळेचा प्रवाह खाली आणते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे डीसी केबलचं कनेक्टर पकडीने दाबून बसवणं. योग्य क्रिंपिंग टूल नसेल तर सांधा ढिला राहतो, तापतो, वितळतो. एकाच जोडीत दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर वापरू नयेत. डीसी, एसी आणि (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा) वीजरोधक यांचं अर्थिंग वेगवेगळं हवं. पूर्ण अंगाचा सेफ्टी हार्नेस बांधल्याशिवाय उतरत्या छपरावर चढायला सांगणाऱ्या ठेकेदाराकडे काम करू नका.

दुसरं काम म्हणजे सोसायट्यांच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचा (एसटीपी) चालक. वाकड, बाणेर, खराडी, हडपसर, जिथे मोठे गृहप्रकल्प तिथे एसटीपी, आणि त्यांतले कित्येक केवळ जाणकार चालक नसल्याने नीट चालत नाहीत. काम समजायला सोपं आहे: सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, आणि आपलं काम त्यांना हवा देऊन जिवंत ठेवण्याचं. हवेच्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. रोज सकाळी त्या टाकीतलं पाणी १ लिटरच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायचं. गाळ २०० ते ४०० मिलिलिटरवर बसला आणि वरचं पाणी स्वच्छ असलं तर ठीक. रंग तपकिरी, वास ओल्या मातीचा हवा. काळं पाणी आणि सडका वास म्हणजे हवा कमी. वीजबिल वाचवायला रात्री हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवले जातात, जिवाणू गुदमरतात आणि मग आठवडाभर प्रकल्प सावरत नाही. पांढरा फेस म्हणजे कपड्यांचा साबण जास्त किंवा जिवाणूंची वाढ अजून कोवळी. रोजचा आकडा, रंग, वास वहीत लिहिणारा चालक बिघाड दोन दिवस आधी ओळखतो. बारावी विज्ञान किंवा आयटीआयचा केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड असेल तर सुरुवात सोपी जाते.

हाताने सगळंच थोडं थोडं शिकायचं असेल तर शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. शेती, वीज, बांधकाम, सुतारकाम एका वर्षात, निवासी.

बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी?

प्राणी-वनस्पतींचा अभ्यास करायचा असेल तर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. सांख्यिकी वाचून दचकू नका. रानात फिरणारे पुष्कळ आहेत, आकडे नीट मांडणारे थोडे. वनशास्त्राची पदवी दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत मिळते. ऊर्जा आणि पाणी या विषयांसाठी अभियांत्रिकी. मराठी माध्यमामुळे अडत नाही. मात्र संशोधनाचे लेख इंग्रजीत असतात, म्हणून आठवड्याला एक लेख शब्दकोश घेऊन वाचायची सवय पहिल्या वर्षापासूनच लावा.

पुण्यात पदव्युत्तर शिक्षण कुठे?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था, आबासाहेब गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधता अभ्यासक्रम. संशोधनासाठी आघारकर संशोधन संस्था, आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), हवामानासाठी भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्रही पुण्यातच आहे. तिथल्या वनस्पती-संग्रहात वाळवून जपलेले नमुने पाहिले की वर्गीकरण म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं.

नोकरीत असलेल्यांनी इकॉलॉजिकल सोसायटीचा अभ्यासक्रम पाहावा. प्रकाश गोळे यांनी ती संस्था १९८२ मध्ये स्थापन केली. ऱ्हास झालेली जमीन परत कशी सावरायची, हा तिच्या शिकवण्याचा गाभा.

वनखात्यात जायचं आहे.

तीन दरवाजे आहेत. वनरक्षक भरती बारावीवर. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक एमपीएससीतून. भारतीय वन सेवा यूपीएससीतून, जिथे पदवीला विज्ञानाच्या ठरावीक विषयांपैकी एक, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी लागते. कला-वाणिज्यच्या मुलांना हे उशिरा कळतं आणि दोन वर्षं जातात. वन सेवेत चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १४ किलोमीटर चालावं लागतं. दर रविवारी कात्रज ते सिंहगड डोंगररांगेतला एखादा टप्पा चालत राहिलात तर हे जड जाणार नाही. आणि हे लक्षात ठेवा: या नोकरीत वन्यप्राण्यांपेक्षा माणसांशी जास्त बोलावं लागतं. चराई, अतिक्रमण, बिबट्याने नेलेल्या शेळीची भरपाई. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे आहेत, तिथे वनरक्षकाचं बोलणंच गावाला शांत ठेवतं.

वाणिज्य किंवा आयटीतून इकडे येता येईल का?

हो. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. त्यासाठी वीजबिलं, डिझेल, पाणी, कचरा यांचे आकडे कारखान्या-कारखान्यांतून गोळा करून तपासावे लागतात. हे हिशेबनीसाचंच काम आहे. चुका एककांत होतात: एका कारखान्याने लिटर लिहिलं, दुसऱ्याने घनमीटर, आणि बेरीज हजारपट चुकली. आयटीतल्यांनी क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर शिकावं. ते मोफत आहे, आणि नकाशे करता येणाऱ्या माणसाला पर्यावरणाच्या जवळपास प्रत्येक प्रकल्पात काम असतं. अभियंत्यांसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची परीक्षा आहे: पहिले तीन पेपर उत्तीर्ण झालात तर ऊर्जा व्यवस्थापक, चौथाही झालात तर ऊर्जा लेखापरीक्षक.

'ग्रीन सर्टिफिकेट' देणारे महागडे ऑनलाइन कोर्स घ्यावेत का?

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रत्यक्ष जागेवरचे तास किती? शिकवणारे स्वतः हे काम करतात का? मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलता येईल का? शेवटी हातात काय असेल: नुसता कागद, की आपण केलेला अहवाल, नकाशा, नोंदवही? चौथ्याचं उत्तर 'कागद' असेल तर पैसे दुर्बिणीवर किंवा मल्टिमीटरवर खर्च करा. मुलाखतीत वर्षभराची ईबर्ड यादी, एसटीपीची नोंदवही किंवा शाळेचा पाण्याचा ताळेबंद पुढे ठेवला तर बोलणं लगेच कामावर येतं.

आपल्या भागातल्या निसर्गाची अधिकृत नोंद कुठे होते?

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या गावची वही पाहायला मागा. ती अपुरी असेल तर आपल्या नोंदी तारीख, ठिकाण आणि फोटोसह लेखी द्या आणि पोच घ्या.

टेकडीवर साप, आग्या मोहोळ किंवा जखमी प्राणी दिसला तर?

सापापासून दूर थांबा, त्याला वाट द्या. मोहोळाखाली धूर, अत्तर, फटाके नकोत. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून तिथून लांब पळा. जखमी वन्यप्राण्याला पाणी पाजायला जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. फोन करताना जवळची ठळक खूण, पायवाट कुठून सुरू होते ते आणि प्राणी दिसला ती वेळ सांगा. फोनवरच्या नकाशातून जागेचे अक्षांश-रेखांश काढता आले तर तेही द्या, टेकडीवर पत्ता नसतो.